सोंग नदीचे, पाणी भीमेचे

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांचा हिशेब या स्मरणिकेत अनेकांनी मांडला आहे. विणेकरी कोण होते, पहिला तंबू कोणी दिला, पंगतीची सेवा कोणत्या घराण्याकडे आली, हे सगळे त्या त्या जाणत्यांनी लिहिले आहे. माझ्याकडे विषय आला नदीचा. संपादक मंडळींनी सांगितले, "माऊली, दिंडीत नदीचे भारूड कसे सुरू झाले तेवढे लिहा." पण ते लिहायचे तर मागे बरेच जावे लागते. आपल्या संप्रदायात कला आणि शिकवण ही दोन वेगळी खाती कधी नव्हतीच, आणि नदी तर आपल्या वाटेवर पावलोपावली आहे.

आधी वाटच बघा. तुकोबारायांचा सोहळा देहूहून निघतो तो इंद्रायणीच्या काठावरून. देहू सोडल्यावर पहिला मुक्काम आकुर्डी, तिथले पाणी पवनेला जाते. पुण्यात मुळा आणि मुठा. पुढे लोणी काळभोर, यवत, वरवंड करत बारामतीला आलो की कऱ्हा. सराटीला नीरा, तिथे पादुकांना स्नान. आणि शेवटी भीमा, जिला पंढरपुरात चंद्रकोरीसारखे वळण घेतले म्हणून आपण चंद्रभागा म्हणतो. माउलींचा सोहळा आळंदीहून निघून सासवडला कऱ्हेकाठी थांबतो, लोणंदच्या अलीकडे नीरेत पादुकांना स्नान घडते, फलटणला बाणगंगा लागते. नावे निराळी, पण या साऱ्या नद्या भीमेच्याच लेकी. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. पवना दापोडीजवळ मुळेत, मुळा पुण्यात मुठेला, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेत. कऱ्हा नीरेत जाते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत.

म्हणजे आपण अठरा-वीस दिवस पायी चालून जिथे पोहोचतो, तिथे पाणीही पोहोचते. देहू-आळंदीचे पाणी आपल्या आधी निघालेले असते किंवा आपल्या मागून येत असते, एवढाच फरक. वारीचा नकाशा आणि भीमेच्या खोऱ्याचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर बरेचसे एकच दिसतील. ही गोष्ट मला कोणी शाळेत शिकवली नाही. दिंडीत चालून चालून कळली.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली. त्या काळातल्या वारकऱ्याचा नदीशी संबंध आपल्यापेक्षा फार जवळचा. तो नदीत अंघोळ करी, नदीकाठी भाकरी खाई आणि नदीचेच पाणी पिई. वाळवंटात हाताने झिरा उकरायचा, पहिले गढूळ पाणी काढून टाकायचे, मग जे पाझरून येईल ते निवळ पाणी तांब्यात घ्यायचे. वाळू ही चाळणी असते, हे ज्ञान त्या उकरण्यातच होते. आज वाळवंटात झिरा उकरायचा म्हटले तर आधी वाळू शिल्लक पाहिजे. वाळूच्या उपशाने पात्रात खड्डे पडले आणि त्या खड्ड्यांनी स्नानाला उतरलेल्या कितीतरी घरांचे दिवे विझवले. नामदेवरायांनी ज्या वाळवंटात कीर्तनाचा रंग उभा केला ते वाळवंट म्हणजे आपला पहिला सभामंडप. वाळू नेली की मंडपाची जमीनच नेली.

नदी आणि वारी यांच्यात एकदा मोठा दुरावा आला, तो पटकीच्या साथींनी. जुनी माणसे तिला महामारी, जरीमरी म्हणत. एकोणिसाव्या शतकात यात्रा भरली की मागोमाग पटकी, आणि परतणारे वारकरी ती गावोगाव नेत. १८६६ साली युरोपातल्या राष्ट्रांनी कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरवली आणि हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले. इंग्रज सरकारचे आरोग्य अधिकारी पंढरपूरच्या यात्रेवर सारखा डोळा ठेवून असत. यात्रेकरूंवर पट्टी बसली, साथीच्या वर्षी यात्रा आखडल्या गेल्या. आपल्या लोकांना ते देवाच्या भेटीत आडवे येणे वाटले आणि त्यात नवल नाही. सरकारचा शिपाई हुकूम सांगायचा, कारण सांगायचा नाही.

खरे कारण पाण्यातच होते. डॉक्टर रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवले. मैला पाण्यात जातो, ते पाणी माणूस पितो, आणि रोग पसरतो, इतकी साधी साखळी. पण ही साखळी शेतकरी-वारकऱ्यापर्यंत त्याच्या भाषेत नेणार कोण? दवंडीने ती जात नव्हती. भिंतीवरच्या नोटिशीने जाण्याचा प्रश्नच नव्हता, वाचता येत होते किती जणांना? पुढे यात्रेकरूंना लस टोचू लागले. लोक दंड पुढे करत, पण का टोचतात ते फार थोड्यांना ठाऊक असे.

हे काम ज्यांनी केले त्यांना स्वतःलाही वाचता येत नव्हते. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. त्यांच्या सार्वजनिक सेवेची सुरुवातच नदीकाठी झाली. पूर्णा नदीवर ऋणमोचनला यात्रा भरे, लोक चिखलात घसरत, पडत. बाबांनी तिथे लोकांची वाट नीट करण्यापासून आरंभ केला आणि पुढे घाट उभा राहिला. नंतरची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. गावात यायचे, कोणाशी न बोलता हातातल्या खराट्याने झाडायला लागायचे, आणि संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

मी त्या कीर्तनाचा विचार करतो तेव्हा मला वाटते, यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. आधी खराटा, मग टाळ. ऐकणाऱ्याने दिवसभर बाबांना झाडताना पाहिलेले असे. त्यामुळे रात्री "घाण करू नका" हे शब्द नुसते शब्द राहात नसत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. बाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना सवाल टाकत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. तीर्थाला गेलात, अंघोळ केलीत, मग त्याच पाण्यात काय काय टाकलेत, असे विचारले की मंडप हसायचा आणि हसता हसता गप्प व्हायचा. पंढरपुरात बाबा वर्षानुवर्षे येत, देवळात मात्र जात नसत, बाहेर माणसांची सेवा करत असत, असे जुने लोक सांगत आले आहेत. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना कोणी थारा देत नव्हते त्यांच्यासाठी. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. त्यांच्या पाठोपाठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच काम पुढे नेले, आणि 'ग्रामगीते'त ग्रामसफाईला भजनाच्या बरोबरीची जागा दिली.

याच्याही मागे जायचे तर नाथबाबांपाशी थांबावे लागेल. एकनाथ महाराज पैठणचे, गोदाकाठचे. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ते पाणी पाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तनकार ती भूतदयेसाठी सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात पाण्याविषयीही एक निवाडा आहे. पाणी देवाच्या माथ्यावर जाण्याआधी जिवाच्या घशात गेले तरी ते देवालाच पोहोचले.

नाथांनी दिलेले दुसरे देणे म्हणजे भारूड. विंचू, वासुदेव, जोशी, गोंधळी, अशी गावात रोज दिसणारी सोंगे घेऊन त्यांनी परमार्थ शिकवला. भारुडाची करामत सरळ आहे. सोंग आले की पोरे पुढे सरकतात, बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसतात, कंटाळलेला म्हाताराही डोळे उघडतो. लोक हसून मोकळे झाले की सोंगाड्या अर्थ उघडतो. तोपर्यंत ऐकणाऱ्याने दार उघडलेलेच असते. कीर्तन ऐकायला माणूस थोडा तरी भाव घेऊन बसतो, भारुडाला तेवढीही अट नाही. म्हणून कडू औषध द्यायचे तर भारुडातून, असे आमचे जुने सोंगाडी म्हणत.

आता नदीचे काय झाले ते सांगतो. पिंपरी-चिंचवडला १९६०च्या दशकात उद्योग वसाहत आली, पुणे वाढत गेले, पुढे चाकण, तळेगावकडेही कारखाने गेले. रोजगार आला, आपल्याच दिंडीतल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली, ते नाकारून चालणार नाही. पण लाखो माणसांच्या घरातले सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी जायचे कुठे? उताराला, म्हणजे नदीला. शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली, मात्र शहर ज्या वेगाने वाढले त्या वेगाने नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्याचे नशीब त्याने पालटले, ऊस उभा राहिला. त्याच वेळी वरून येणारे सगळे त्या जलाशयात साचू लागले. आज आषाढीला चंद्रभागेत जे पाणी आपण डोक्यावर घेतो ते पुष्कळदा धरणातून सोडलेले असते. नीरेचे तर पात्र कोरडे असलेल्या वर्षी पादुकांच्या स्नानाला टँकरच्या पाण्यावर भागवावे लागले आहे.

गेल्या काही वर्षांत आळंदीत इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर येतात, ते आपण सर्वांनी पाहिले. काही भोळी माणसे त्यात हात घालून फोटो काढतात. तो फेस दुधाचा नव्हे. साबण, डिटर्जंट आणि कारखान्यातली फेसाळ द्रव्ये पाण्यात मिसळून खळखळली की तो होतो. देहू-आळंदीच्या डोहातले मोठे मासे मारायचे नाहीत, ही पूर्वापार रीत. त्या श्रद्धेने मासे शेकडो वर्षे राखले. गळ टाकणाऱ्याचा हात श्रद्धेने धरता आला, पण नाल्यातून येणाऱ्या रसायनाला हातच नाही, धरायचा कसा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, आणि त्या यादीत भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा ही आपल्या वाटेवरची सगळी नावे. स्नानाच्या पाण्याला काही मापे आहेत. ती अवघड वाटतात, पण घरातल्या उदाहरणाने कळतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम पाहिजे, माशाचा श्वास त्यावर चालतो. घाण कुजवणारे जंतू हा प्राणवायू खातात. घाण जितकी जास्त, तितके खाणारे जास्त. त्यांची भूक लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असेल तर पाणी स्नानाला ठीक. घरात पाच भाकरी आहेत आणि तीनच भाकरींची भूक असेल तर घर चालते. दहा भाकरींची भूक असलेले पाहुणे रोज येऊ लागले तर घरचीच माणसे उपाशी मरतात. नदीत ही घरची माणसे म्हणजे मासे, बेडूक, शंख-शिंपले.

आता थोडे आपल्याकडे बघू. वारकऱ्याने नदी घाण केली, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. आपण पंढरीत दोन-चार दिवस असतो, शहराचे नाले वर्षाचे ३६५ दिवस वाहतात. तरीसुद्धा आपल्या दोन-चार दिवसांचे माप फार मोठे असते, कारण आपण लाखोंनी असतो. निर्माल्य, जुने कपडे, पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, साबणाचे फेस आणि वाळवंटात उघड्यावर केलेली घाण, हे कोणी दुसऱ्याने येऊन टाकलेले नव्हते.

आणि ते उचलत कोण होते? हा प्रश्न आपण फार वर्षे विचारलाच नाही. द्वादशीला पारणे सोडून आपण एसटीला लागायचो आणि आपल्या मागे माणसे हाताने मैला उचलायची. ज्या चंद्रभागेच्या काठी चोखोबांची समाधी आहे त्याच काठी, त्याच चोखोबांच्या मागच्या पिढ्या. डोक्यावरून, हाताने मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ सालीच झाला होता, २०१३ साली तो आणखी कडक झाला. पंढरपुरातल्या या प्रथेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयाने शौचालयांविषयी आदेश दिले, वाळवंटात तंबू-राहुट्या उभारण्यावर बंधने आणली. त्यावर आपल्या मंडळींत मोठी नाराजी उसळली. नदीपलीकडे ६५ एकरांवर दिंड्यांच्या उतरण्याची सोय झाली तेव्हा "वाळवंट सोडून कसली वारी" असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचे दुःख मला कळते. वाळवंटातल्या रात्रीच्या कीर्तनाची सर कशालाच नाही. पण चोखोबांचे अभंग गाणाऱ्याने त्या याचिकेचा राग करावा, हे मला कधी पटले नाही. पुढे निर्मल वारी आली, मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहू लागली, पालखी गेल्यावर गावे पूर्वीसारखी नाक दाबून बसत नाहीत. ज्या गावांनी आपल्याला शतकभर भाकरी वाढली त्यांचे एवढे ऋण तरी फिटले.

याच सुमारास सरकारही कलेकडे वळलेले दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले होते की पर्यावरण हा विषय शाळेत शिकवावा आणि सिनेमागृहांतही त्याच्या पट्ट्या दाखवाव्यात. म्हणजे शिकवण करमणुकीच्या जागी नेली पाहिजे, हे न्यायमूर्तींनाही उमगले होते. राज्याचा पर्यावरण विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी 'पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम सोहळ्यांबरोबर चालवला. मुक्कामाच्या ठिकाणी कलापथके भारूड, पोवाडा, कीर्तन, पथनाट्य करतात. २०१६ साली 'नमामि चंद्रभागा' जाहीर झाले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्राम येथून 'चला जाणूया नदीला' हे अभियान निघाले, त्यात राज्यातल्या ७५ नद्यांच्या काठाने चालत जाऊन नदी समजून घ्यायची अशी कल्पना होती. नदीकाठाने चालणे, हे तर आपले जुनेच काम.

कलापथकांविषयी माझे मत सांगतो, कलावंतांनी राग मानू नये. त्यांची कला उत्तम असते. ढोलकी वाजली की पाय थांबतातच. पण बऱ्याच वेळा विषय एवढ्यावरच थांबतो की प्लास्टिक टाकू नका, झाडे लावा. चालून थकलेल्या, स्टीलचा एकच तांब्या आणि एक ताट घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या आजीला हा उपदेश करून काय मिळणार? तिच्या अख्ख्या आयुष्याचा कचरा एका फ्लॅटच्या महिन्याच्या कचऱ्याएवढा भरणार नाही. ज्याच्या घरातून नाला निघतो तो माणूस त्या मंडपात बसलेलाच नसतो.

आपल्या दिंडीत नदीचे भारूड सुरू झाले ते या खटकण्यातून. दिंडीतल्या एक बाई शाळेत शिकवतात. आषाढीला पोरांना विठ्ठल-रखुमाईचा पोशाख घालून त्या शाळेची दिंडी काढायच्या, तशी सगळीच शाळा काढते. एका वर्षी त्यांनी पोरांकडून नवेच सोंग बसवून घेतले, जलपर्णीचे. तेच त्यांनी मोठ्या दिंडीत करायचे ठरवले. तेव्हा विण्यावर नाना होते, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी ऐकल्याबरोबर मान हलवली.

"पोरी, तीर्थाला घाण म्हणायचं नसतं. चंद्रभागा पाप घेती. तिला कसली घाण लागती?"

"नाना, पाप घेते हे मला मान्य आहे. पण तुम्ही देवाच्या अभिषेकाचं पाणी कुठलं घेता?"

"विहिरीचं. गाळून."

"मग देवाला गाळून, आणि आईला नाल्याचं?"

नाना काही बोलले नाहीत. मंडळी वाट बघत होती. मग म्हणाले, "विणा उभा असताना सोंग आणायचं नाही. कीर्तन उरकलं, आरती झाली, मग काय करायचं ते करा." तो निर्णय आजवर तसाच पाळला जातो. नाना पुरते पटले होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी शेवटपर्यंत चंद्रभागेला घाण हा शब्द लावला नाही, आणि चंद्रभागेत साबणही कधी लावला नाही.

हे सोंग ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जलपर्णी हिरवे लुगडे नेसून, जांभळे फूल माळून, पाहुणी होऊन येते. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, म्हणून बोलणे जरा तोऱ्याचे. टाळकरी तिला हाकलायला बघतात. ती म्हणते, मला कशाला हाकलता, मी बिनबोलावता आले का? रोज सकाळी पाटावर बसवून वाढता तुम्हीच. काय वाढतो गं आम्ही? मग ती एकेक पदार्थ मोजते. मोरीचे पाणी, साबणाचा चुना, संडासाचा नाला, शेतातून वाहून आलेले खत. इतके गोडधोड दिल्यावर मी बाळसे धरणार नाही तर काय! चार टाळकरी मिळून तिला ओढून मंडपाबाहेर टाकतात आणि हुश्श करून बसतात, तोवर ती दुसऱ्या बाजूने दोन बहिणींना घेऊन आत. तिला नुसते ओढून काढण्यात अर्थ नाही, तिचे जेवण तोडले पाहिजे, हे लोकांना तिथे कळते. पाण्यातले नत्र आणि स्फुरद वाढले की जलपर्णी फोफावते, हे वाक्य मी चार भाषणांत ऐकले होते. माझ्या शेजारी बसलेल्या आजींना ते सोंगाने एका घासात कळले. "म्हंजी रोग ही नव्हं, रोग वर हाय," असे त्या म्हणाल्या.

सोंगाबरोबर एक शिकण्याचा खेळही जोडला गेला. दिंडीतली पोरे वाटेवरच्या प्रत्येक नदीचे पाणी काचेच्या बरणीत भरून घेतात आणि बरणीवर नाव, तिथी लिहितात. एका पांढऱ्या झाकणाला दोरी बांधून ते पाण्यात सोडायचे, आणि किती बोटांवर दिसेनासे होते ते वहीत मांडायचे. हे काही प्रयोगशाळेचे काम नव्हे, पोरांनाही ते सांगितलेले असते. नुसत्या डोळ्याला निवळ दिसणारे पाणीही पिण्याजोगे नसू शकते, जंतू डोळ्याला दिसत नाहीत, हे बाई आधीच सांगतात. पण देहूपासून पंढरपूरपर्यंतच्या बरण्या एका ओळीत कनातीखाली मांडल्या की माणसे वाकून बघतात. टाळमृदंग ऐकायला आलेला गावचा सरपंचही तिथे पाच मिनिटे रेंगाळतो.

दिंडीने स्वतःपुरते काही नेम केले, ते आता सवयीचे झाले आहेत. पंगतीला ताटे स्टीलची आणि ज्याचे त्याने घासायची, तीही नदीपासून लांब, राखेने. नदीत कपडे धुवायचे नाहीत. स्नान म्हणजे तीन बुड्या, साबण टँकरच्या नळाखाली. निर्माल्य गोणीत भरून ट्रकबरोबर परत गावी न्यायचे आणि खतात घालायचे. सुरुवातीला यावर कुरबुर झाली, विशेषतः राखेवर. आता नवीन माणूस साबणाची वडी घेऊन नदीकडे निघाला की त्याला अडवायला चोपदार लागत नाही, आपल्या मावश्याच पुरेशा आहेत.

मोठा बदल झाला तो जागेत. पहिली काही वर्षे हे सोंग पंढरपुरात होई. मग बाईंनीच प्रश्न काढला की रोग वर आहे तर औषध खाली का वाटायचे? तेव्हापासून सोंग आकुर्डी आणि पुण्याच्या मुक्कामी होते. तिथे दर्शनाला सोसायट्यांतली माणसे येतात, वारकऱ्यांना चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटतात, पाय चेपून देतात. मोठ्या भावाची माणसे आहेत ती. जलपर्णीचे सोंग बघून तीही हसतात. मग पाहुणी थेट त्यांच्यापुढे उभी राहते आणि विचारते, "तुमच्या इमारतीचं पाणी कुठं जातं हो मालक?"

बहुतेकांना सांगता येत नाही. मागच्या वारीत आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने वडिलांच्या खांद्यावरून उत्तर दिले, "गटारात!" मंडप हसला. सोंगाड्याने विचारले, "आणि गटार कुठं जातं?" मुलगी वडिलांकडे बघू लागली, वडील इकडेतिकडे. तेव्हा आपल्या दिंडीतल्या पोरांनी टाळाच्या ठेक्यावर एकामागून एक नावे घेतली, पवना, मुळा, मुळा-मुठा, भीमा, उजनी, चंद्रभागा. कार्यक्रम उठल्यावर ते वडील बाईंकडे आले आणि त्यांनी विचारले की सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र आहे, पण विजेचे बिल येते म्हणून ते बंद ठेवतात, त्याचे काय करता येईल. बाई त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. पहाटे काकड्याला उठलो तेव्हा त्या गृहस्थांनी सोसायटीच्या बैठकीसाठी दोन बरण्या मागून नेल्याचे कळले, एक देहूची आणि एक मागच्या वर्षीची पंढरपूरची.